उन्हाची कपाटं आणि सासूबाईंची तिवाईवाई

तुआकाना त्या दिवशी सासूबाईंना नुसतं ‘हो’ म्हणाला. बाकी त्याने काही म्हणजे काही केलं नाही. (जावयाने सासूला याहून वेगळं काही म्हणायचं असतं, हे आमच्या बेटावर अजून कुणाला सुचलेलं नाही.)

हा तुआकाना म्हणजे आमच्या बॅटरी-घराचा राखणदार. उतारावर ओळीने सोलर पॅनल, त्यांच्या पायथ्याशी बिनखिडक्यांची थंडगार खोली आणि खोलीत भिंतीला लागून उभी बॅटरीची पांढरी कपाटं. दिवसा ऊन साठवायचं, रात्री घरोघरी पुरवायचं. विजेची गरज वाढली की आणखी एक कपाट आणून शेजारी जोडायचं. एखादं बिघडलं तर तेवढंच बंद करायचं, बाकीची काम ओढतात. “आमच्या घरासारखंच आहे बघा,” तुआकाना भेटेल त्याला सांगायचा, “एक मावशी आजारी पडली म्हणून कधी चूल थांबलीय का?” म्हणून कपाटांना त्याने आपल्या मावश्यांचीच नावं दिली होती. रोज सकाळी एकेकीच्या दारावर थाप मारून विचारपूस करायचा. खऱ्या मावश्यांकडे मात्र तो फक्त नाताळात जायचा, तोही जेवायच्या वेळेला.

अभिमान तर असा, की कुणी थंड नारळपाणी पुढे केलं तरी हा म्हणणार, “बघितलंत? माझ्या मावश्यांनी गार केलंय!” आणि खोटं कशाला बोलू, आमचीही छाती थोडी फुगायचीच. पूर्वी डिझेलचं जहाज चुकलं की सगळं बेट अंधारात मासे खात बसायचं. आता सगळं बेट उन्हावर चालतं.

या अभिमानाला टाचणी लावायला घरातच माणूस होता. तुआकानाच्या बायकोचा, अकैतीचा, धाकटा भाऊ मातापो. तो जुन्या डिझेल इंजिनाची शेड सांभाळायचा. बॅटरी फारच खाली उतरली तर इंजिन आपोआप सुरू होईल अशी सोय होती, पण कपाटं आल्यापासून तशी वेळ आलीच नव्हती. मातापो शेडमध्ये झोपून पगार घ्यायचा.

“दाजी, एकदा येऊ द्या तुमच्या मावश्यांना चक्कर,” तो कूस बदलत म्हणायचा, “मग ऐका माझी म्हातारी कशी गाते ते.”

“तुझी म्हातारी आता पुन्हा गायची नाही, मातापो. तिच्यावर फुलं वाहायची तेवढी राहिलीत.”

अशात तुताका आला. तुताका म्हणजे आरोग्य समिती घरोघर फिरणार, अंगण, मोरी, डुकरांचं कुंपण, सगळं तपासणार आणि संध्याकाळी सभागृहात बक्षिसं वाटणार. तुआकानाने या वर्षी समितीच्या मागे लागून बॅटरी-घराचंही नाव तपासणीत घालून घेतलं. बक्षीस मिळवायचं, तेही अख्ख्या बेटासमोर, आणि मातापोचं तोंड कायमचं बंद करायचं, एवढाच ध्यास त्याने घेतला होता.

नेमका आठवडाभर पाऊस लागला. मावश्या अर्धपोटी राहिल्या. तुताकाच्या आदल्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं, आणि त्या उन्हातून सासूबाई, ममा तेपाएरू, काखेत भलं मोठं गाठोडं घेऊन चढ चढून आल्या. गाठोड्यात त्यांची तिवाईवाई. (तिला चादर म्हणू नका. अकैतीच्या एका मामाने एकदा म्हटलं होतं, त्याच्याशी त्या अजून बोलत नाहीत.) हातांनी टाके घालत, लाल जास्वंदी फुलवत वर्षानुवर्षं शिवलेली ती तिवाईवाई समितीसमोर पलंगावर अंथरायची होती, आणि तिला पेटीतल्या ओलीचा वास लागला होता.

“जावईबापू, तुमच्या त्या काचा किती छान तापतात हो. कुंपणामुळे डुकरंही येत नाहीत. घटकाभर टाकते.”

तुआकानाने हिशोब केला. एवढ्या पॅनलांत दोन-चार झाकले गेले तर मावश्यांना काय कळणार?

“हो, ममा.”

आणि तो आत जाऊन कपाटांची दारं खोबरेल लावून चमकवू लागला. खोलीला खिडकी नाही हे मी मघाशी सांगितलंच आहे. आमच्या गावात एका सासूला ‘हो’ म्हटलं की ते सगळ्या सासवांना म्हटल्यासारखं असतं, हे तुआकाना त्या घाईत विसरला.

थोड्या वेळाने त्याने भिंतीवरचा आकडा पाहिला. वर चढायच्या ऐवजी तो खाली चालला होता.

“काय गं, थोरल्ये,” त्याने पहिल्या कपाटाला कान लावला, “बरं नाही का वाटत?”

संशय आला म्हणून त्याने तिला बंद केलं. आकडा आणखी जोरात घसरला. मग मधलीला बंद केलं. मग धाकटीला. आता उरलेल्या मावश्यांवरच गावाचा सगळा भार. घाम पुसत त्याने राजधानीच्या बेटावर, रारोतोंगाला, इंजिनिअरला फोन लावला.

“ऊन आहे का तिकडे?” इंजिनिअरने विचारलं.

“कडकडीत!”

“पॅनल स्वच्छ आहेत?”

“आज सकाळीच मी स्वतः पुसलेत. माझ्या हाताने!”

“एकदा बाहेर जाऊन बघता का?”

“मी काय आंधळा आहे?” तुआकाना भडकला आणि बाहेर न जाता त्याने फोन ठेवला.

तिकडे गावात, तुताकाच्या आदल्या दिवशी होते तशी, घरोघरची इस्त्री तापली होती. आकडा लाल झाला. आणि मग दूरवरून आवाज आला. धड... धड-धड... धडधडधड! म्हातारी गात होती.

तुआकाना धावत बाहेर आला आणि जागच्या जागी खिळला. पॅनल नव्हतेच. सगळ्या उतारावर जास्वंदी, चाफे, अननस, कासवं, लाल, पिवळी, जांभळी, जणू अख्खं बेट पांघरूण घेऊन उन्हात पडलं होतं. पाद्रीबाईंची तिवाईवाई मधोमध. इतकं देखणं दृश्य त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि ते कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“उचला! ममा, सगळं उचला!”

“असं कसं? खालची बाजू अजून दमट आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि दुसरीच्या तिवाईवाईला हात लावायची आपल्यात रीत आहे का?”

म्हणून एकेकीला घरून बोलावून आणेपर्यंत सूर्य समुद्राला टेकला. म्हातारी रात्रभर गात राहिली. मातापो पहिल्यांदाच कामावर जागा होता.

दुसऱ्या दिवशी समिती येऊन गेली तेव्हा तुआकाना कपाटांच्या मागे लपला होता. संध्याकाळी अकैतीने त्याला ओढत सभागृहात नेलं.

“लाज वाटते गं.”

“मान वर करून चला. दिवे गेले का कुणाचे? मग?”

समितीच्या प्रमुख ममा नूरोआ एकेक नाव वाचत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा सावरला. “आणि या वर्षीचा विशेष पहिला क्रमांक... बॅटरी-घर!”

सभागृह दणाणलं. मातापोने तर शिट्टी मारली. तुआकाना ताडकन उठला. छाती फुगली, गळ्यात फुलांची माळ पडली, डोळे भरून आले. त्याने मातापोकडे एकदा नीट, सावकाश बघून घेतलं. मग ममा नूरोआंनी पुढचं वाक्य वाचलं, “कपडे वाळवण्याच्या सर्वोत्तम जागेसाठी!” आणि त्याच्या हातात चिमट्यांनी भरलेली बादली दिली.

“ममा,” तो कसाबसा म्हणाला, “आणि... आतली खोली? कपाटं? ती पाहिलीत ना?”

“पाहिली की!” ममा नूरोआंनी त्याच्या पाठीवर मायेने थाप मारली. “थंड, कोरडी, भरपूर मोठी. ती कपाटं जरा एका बाजूला सरकवलीस ना, तर पुढच्या वर्षी इस्त्रीचंही बक्षीस तुलाच.”