वेळापत्रकात नसलेले पॅकी टूही

“यंदाची आपली सहल घड्याळाच्या काट्यावर चालणार! एक मिनिट इकडे नाही की एक मिनिट तिकडे नाही!”

किलब्रॅक महिला मंडळाच्या सभेत ब्रोनानं ही घोषणा केली, तेव्हा नऊ महिन्यांची उना तिच्या कडेवर बसून त्याच वेळापत्रकाचा कोपरा चघळत होती. पण ब्रोना तयारीची बाई! तिनं बावीस जणींसाठी बावीस प्रती काढल्या होत्या, आणि उनाची खोड ठाऊक असल्यामुळे आणखी तीन.

बायकांनी चष्मे चढवले. निघणे ९.००. राजवाड्याच्या बागेत पोचणे ११.१५. शौचालय ११.२०. मार्गदर्शकासह गुलाब पाहणे ११.३०. जेवण १.००...

“पोरी,” अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फिलोमिनाआजींनी विचारलं, “शौचालय अकरा-वीसला लिहिलंयस. मला अकरा-वीसलाच लागेल, हे तुला कुणी सांगितलं?”

सभा खदखदून हसली. ब्रोनाही हसली, पण कानापर्यंत लाल होऊन.

त्याचं असं होतं. डोनलशी लग्न करून ती डब्लिनहून किलब्रॅकला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. पण बाहेरून आलेल्या माणसाला किलब्रॅकमध्ये ‘वाऱ्यानं आलेला’ म्हणतात, आणि वाऱ्यानं आलेलं माणूस तीन पिढ्या तरी जमिनीला टेकत नाही. मंडळात ब्रोनाच्या वाट्याला एकच काम यायचं, सभेनंतर कप विसळणं. सहा वर्षं कप! सहल अठरा वर्षं अध्यक्ष अ‍ॅट्रॅक्टाबाईच ठरवत. तीच रोपवाटिका, तीच पवित्र विहीर, त्याच हॉटेलातलं तेच भाज्यांचं सूप. यंदा त्यांचा गुडघा सुजला म्हणून त्यांनी सहल ब्रोनाच्या हाती दिली. चोराच्या हाती घराची किल्ली द्यावी, तसा चेहरा करून!

‘ही सहल एकदा झकास होऊ दे,’ उनाला झोपवताना ब्रोना तिच्या तांबूस जावळात पुटपुटली, ‘मग बघ, तुझ्या आईला ह्या बायका आपली म्हणतात की नाही.’

उनानं तिच्या नाकाला चावा घेतला. बहुधा संमती असावी.

सहलीच्या दिवशी नऊच्या ठोक्याला बस निघाली. मागच्या काचेवर ब्रोनानं स्वतः रंगवलेला कागद झळकत होता, ‘किलब्रॅक महिला मंडळ निघालं सहलीला! मजाच मजा!’ आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा फुगे.

“नऊला निघायचं ही कुठली पद्धत?” अ‍ॅट्रॅक्टाबाई पहिल्या सीटवरून कुरकुरल्या. “नऊच्या बातम्यांनंतर रेडिओवर निधनवार्ता लागतात. त्या न ऐकता माणसानं घराबाहेर पाऊल तरी कसं टाकावं? मॅलकी, लाव रे रेडिओ!”

चालक मॅलकीचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात ब्रोना पुढे सरसावली. “मॅलकीदादा, रेडिओ नको! नऊ ते नऊ-पंचवीस मी राजवाड्याचा इतिहास सांगणार आहे. वेळापत्रकात आहे!”

बसमध्ये असा निःश्वास उमटला, की दोन फुगे हलले.

इतिहास झाला. कोडी झाली. पावणेअकराला राजवाडा अर्ध्या तासावर आला, आणि ब्रोना मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटणार, एवढ्यात डावीकडच्या बोळातून एक काळी, लांबलचक, चकचकीत गाडी हलकेच पुढे आली आणि बसच्या पुढ्यात लागली.

शववाहिका!

मॅलकीनं टोपी काढली. दिवे लावले. बसचा वेग बैलगाडीवर आणला. बावीस हातांनी छातीवर बावीस क्रूस रेखले.

ब्रोनानं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेवटी ती मॅलकीच्या कानाशी वाकून म्हणाली, “दादा, रस्ता मोकळा आहे. पुढे काढू या का?”

बसमध्ये अशी शांतता पसरली, की उनानंही चघळणं थांबवलं.

“शववाहिकेच्या पुढे?” मॅलकी म्हणाला. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून इतकं घाणेरडं काम व्हावं असं कुणी सुचवलं नव्हतं.

“डब्लिनला काढत असतील,” अ‍ॅट्रॅक्टाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “त्यांना तिकडे कुठेतरी पोचायचं असतं.”

झालं! ब्रोना मुकाट्यानं बसली. मागे चार मोटारी येऊन लागल्या. फिलोमिनाआजींनी जपमाळ काढली. त्यांनी काढली म्हणून शेजारणीनं काढली. ड्रमॅलिन गाव येईपर्यंत अख्खी बस एका सुरात प्रार्थना म्हणत होती. पुढे शववाहिका, मागे बारा फुगे लावलेली बस आणि त्यामागे मोटारी, अशी ती यात्रा चर्चपाशी आली. तिथे पिवळं जाकीट घातलेल्या माणसानं बसला झोकात हात केला आणि ती सरळ शेजारच्या शेतात उभी करायला लावली. तिच्यामागे चारी मोटारी! आता बस हलणार ती मोटारी हलल्यावर, आणि मोटारी हलणार ते मयत पुरल्यावर.

“ब्रोना,” फिलोमिनाआजी म्हणाल्या, “मला लागली गं.”

ब्रोनानं घड्याळ पाहिलं. अकरा-वीस! आख्ख्या वेळापत्रकातली तेवढी एक ओळ खरी ठरली.

शौचालय चर्चच्या मागच्या हॉलमध्ये होतं. वाट पुढच्या बाकावरून जात होती. आणि पुढच्या बाकावर मयताचे नातलग! त्यांच्यासमोरून हात न मिळवता जाणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. तेव्हा फिलोमिनाआजींनी हात मिळवला. “तुमच्या दुःखात सहभागी आहे हो.” आजी एकट्या कशा जाणार, म्हणून अ‍ॅट्रॅक्टाबाई मागे. अध्यक्ष गेल्या म्हणजे मंडळ मागे. बावीस जणींची रांग लागली!

चर्चमध्ये एरवी मोजून नऊ माणसं होती. मयत होते पॅकी टूही, वय चौऱ्याऐंशी, अविवाहित. पुढच्या बाकावर त्यांची धाकटी बहीण नॅन, पिकल्या पानासारखा नाजूक म्हातारा जीव, आणि तिच्या शेजारी चुलतबहीण बर्नाडेट, टोपीसकट ताठ. रांग जशी लांबत गेली तशी नॅनची हनुवटी थरथरू लागली आणि बर्नाडेटचं तोंड उघडत गेलं.

रांगेच्या शेवटी ब्रोना. अकरा-तीस वाजले होते. तिकडे मार्गदर्शक गुलाबांकडे निघाला असणार, आणि आपण इथे एका अनोळखी शवपेटीपुढे! एवढे रंगवलेले कागद, एवढे फुगवलेले फुगे... तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आता बावीस जणींत रडणारी ही एकटीच. तीही तरुण. कडेवर मूल!

“कुठली गं तू, बाळा?” नॅननं तिचा हात धरून विचारलं.

“मी...” ब्रोना हुंदका देत म्हणाली, “मी मूळची डब्लिनची.”

बर्नाडेटनं श्वास आत ओढला तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. तिनं ब्रोनाकडे पाहिलं. मग उनाच्या तांबूस जावळाकडे. मग शवपेटीवर ठेवलेल्या फोटोकडे. फोटोत तरुण पॅकी टूही होते, आणि त्यांच्या डोक्यावर पेटलेल्या गवताच्या गंजीसारखे केस!

“एकोणसाठ साल,” ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानात कुजबुजली. “आठवतंय? आख्खा उन्हाळा पॅकी डब्लिनला होता!”

प्रार्थना संपेपर्यंत ब्रोना पॅकी टूहींची नात झाली होती. मूठमाती देईपर्यंत उनाचं नाक टूही घराण्याचं ठरलं. आणि ब्रोनाला ह्याचा पत्ता नव्हता! सगळे वाट देताहेत, कुणी छत्री धरतंय, कुणी पाठीवरून हात फिरवतंय. तिला वाटलं, किती भली माणसं!

“आता जेवायला हॉलमध्ये यायचंच,” नॅन म्हणाली.

“आभारी आहे, पण आमचं एक वाजता—” ब्रोनानं सुरुवात केली, आणि अ‍ॅट्रॅक्टाबाईंनी सुजलेला गुडघा असलेल्या पायानंच तिचा पाय दाबला.

“छे छे, तुम्हाला कशाला त्रास,” अ‍ॅट्रॅक्टाबाई म्हणाल्या.

“त्रास कसला!”

“नको हो, आम्ही निघतोच.”

“घोटभर चहा तरी!”

“बरं, अगदी घोटभर,” अ‍ॅट्रॅक्टाबाई म्हणाल्या, आणि बावीस बायका हॅमच्या सँडविचवर तुटून पडल्या.

पण खाल्ल्या अन्नाला जागून दोन शब्द बोलायला नकोत? अ‍ॅट्रॅक्टाबाई मुरलेल्या. “फार शांत माणूस,” एवढंच म्हणून त्यांनी केक तोंडात टाकला. मयताबद्दल हे कधी चुकत नाही. फिलोमिनाआजींना मात्र चहा चढला.

“आणि नाचायचा काय, पॅकी!” त्या म्हणाल्या.

डब्लिनहून परतल्यापासून पॅकी टूहींचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, हे ड्रमॅलिनच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

“नाचायचा?” बर्नाडेटनं विचारलं.

आजींनी घोट घेतला. “बसल्या बसल्या,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात कुणीतरी पॅकींची जुनी टोपी आणून उनाच्या डोक्यावर ठेवली. उनानं ती काढून चघळायला घेतली. “हुबेहूब!” एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला. “तोही असाच टोपीचं टोक चावत बसायचा.” मग तो ब्रोनाकडे वळला. “तुझी आजी अजून आहे का गं? पॅकीनं कधी तिचं नाव काढलं नाही, पण आम्ही काय ते समजलो.”

“माझी आजी?” ब्रोना म्हणाली. आणि मग एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. छत्री! पाठीवरचे हात! ‘हुबेहूब’!

ती उठली ती तडक हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात. घाबरली की तिचे हात सवयीनं नळाखाली जात. तिनं कप विसळायला घेतले. उना ओट्यावर बसून चमचा वाजवू लागली. मागोमाग नॅन आली, हातात रिकामी किटली.

“नॅनबाई,” ब्रोना कपाकडे बघत भडाभडा बोलली, “मी तुमची कुणी नाही हो! मी पॅकींना पाहिलंही नव्हतं. माझी आजी जन्मात डब्लिनबाहेर पडली नाही आणि आजोबा न्हावी होते. आम्ही सहलीला निघालो होतो. माझंच चुकलं, मी रेडिओ बंद केला. मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते.”

नॅननं किटली भरून शेगडीवर ठेवली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“बसवर लिहिलंय की! ‘मजाच मजा.’ फुगेसुद्धा आहेत. मी म्हातारी आहे गं, आंधळी नाही.” ती उनाच्या हनुवटीवरची लाळ शालीच्या टोकानं पुसू लागली. “आणि एकोणसाठ साली पॅकी डब्लिनला कामाला गेला तो तिसऱ्याच दिवशी शिडीवरून पडला. उरलेला उन्हाळा हॉस्पिटलात, पाय छताला टांगून. उशाशी मी. लाजेपायी आईनं गावात सांगितलं नाही. त्या अवस्थेत त्यानं काय दिवे लावले असते?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

नॅननं किटलीखालची आच मंद केली. “नऊ माणसं आली होती त्याला पोचवायला. नऊ! त्यातली तिघं मॅच आहे म्हणून घड्याळ बघत होती. बर्नाडेट चाळीस वर्षं म्हणतेय, तुझ्या भावाला विचारणारं कोण आहे? आणि मग दार उघडलं आणि तुम्ही आत आलात. येतच राहिलात.” विसळलेला एक कप तिनं फडक्यानं पुसला. “बर्नाडेटचं तोंड पाहिलंस ना? चहा संपेपर्यंत राहू दे, पोरी. माझ्यासाठी.”

ब्रोनानं हात पुसले. मग ती बाहेर आली, म्हाताऱ्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आजी आमची फार कमी बोलायची.”

एवढं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मायेनं बोलली असेल!

परत फिरण्याआधी मॅलकीनं बस राजवाड्यापर्यंत नेली, पण उशीर झाला होता. फाटकाला कुलूप होतं; गुलाबांचे शेंडे भिंतीवरून दिसले. ब्रोना उनाला छातीशी धरून मान खाली घालून बसली होती. संपलं सगळं! पुन्हा कप, तीन पिढ्या कप!

अ‍ॅट्रॅक्टाबाई उठून उभ्या राहिल्या.

“अठरा वर्षं मी सहली काढल्या,” त्या म्हणाल्या. “पण अशी सहल झाली नाही. रडलो, हसलो, पोटभर खाल्लं, आणि एका भल्या माणसाला रीतसर पोचवलं. पुढच्या वर्षीची सहलही ब्रोनाच ठरवेल. आमची ब्रोना!”

टाळ्यांनी बस हादरली, तीन फुगे फुटले. ब्रोनाला पुन्हा रडू आलं. आमची! त्यांनी ‘आमची’ म्हटलं!

आणि आठ वाजता, अगदी वेळापत्रकाप्रमाणे, बस किलब्रॅकला पोचली.

त्या रविवारी डोनल दुकानातून दूध घेऊन आला तो डोकं खाजवत. “अगं, काऊंटरवरच्या बाईनं मला विचारलं, टूहींचे नातजावई कसे आहेत? हे टूही कोण?”

“आता कुणी मला वाऱ्यानं आलेली म्हणत नाही ना!” ब्रोना ऐटीत म्हणाली, आणि पुढच्या सहलीचं वेळापत्रक मांडायला बसली. निघणे ९.००...

फोन वाजला. अ‍ॅट्रॅक्टाबाई होत्या.

“ब्रोना, पुढच्या वर्षीचं काही लिहून ठेवू नकोस हं. तारीख नको, जागा नको.”

“मग ठरवायचं कसं, अ‍ॅट्रॅक्टाबाई?”

“तू फक्त रोज सकाळी नऊच्या बातम्यांनंतर रेडिओ ऐकत जा,” अ‍ॅट्रॅक्टाबाई म्हणाल्या. “आणि हो, जेवणाचा हॉल मोठा असेल असंच कुणीतरी बघ!”