वसंतण्णांचं कमी पाडलेलं नाणं

सुटे पैसे घेताना वसंतण्णांचा हात थरथरतो, आणि देताना त्याहून जास्त. हातातून गेलेलं नाणं नेमकं ‘तसलं’ निघालं तर? म्हणून बसवनगुडीतल्या आमच्या भाजीवालीला पाच रुपये द्यायचे तरी अण्णा खिशातून भिंग काढतात, नाणं उन्हात धरतात आणि सालाच्या आकड्याखालची बारीक खूण शोधतात. तारा दिसला तर हैदराबादची टांकसाळ, टिंब दिसलं तर नोएडाची. मागची रांग कन्नडमध्ये पुटपुटू लागते. अण्णा घाम पुसत म्हणतात, “स्वल्प थांबा हो. गेलं तर गेलंच की!”

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, नोकरीसाठी नागपूरहून आलेला. ‘तसलं’ म्हणजे काय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एखाद्या साली एखादं नाणं फार कमी पाडलं गेलं, तर ते जपायचं, बाकीची खर्चायची. ऐकायला सोपं. पण कमी म्हणजे किती कमी? आणि आज ढिगानं असलेलं उद्या कुणी वितळवून टाकलं तर? या धास्तीनं अण्णांनी ‘जपायची’ आणि ‘खर्चायची’ या दोन डब्यांमध्ये ‘बघू’ नावाचा तिसरा डबा ठेवला होता, आणि घरातली जवळजवळ सगळी नाणी त्यातच होती.

एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यातलं एक काळवंडलेलं नाणं चिंचेनं घासून लख्ख केलं. अण्णा मटकन खाली बसले.

“मारलंत की हो त्याला! घासलेल्या नाण्याला कोण विचारतो?”

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मग एका शनिवारी संध्याकाळी जिना चढून वर आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “सतीश, एक सापडलंय. फार कमी पाडलेलं. देवनहळ्ळीला आमचे नारायणराव आहेत, नाण्यांतले जाणते. त्यांना दाखवायचं. पण एकट्यानं न्यायला भीती वाटते. उद्या याल?”

त्या दिवशी मलाही अण्णांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची मला भीती वाटत होती. म्हटलं, वाटेत सांगू.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. नाणं एका पाकिटात, पाकीट कुंकवाच्या डबीत, डबी जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात, आणि वरच्या कप्प्यात पुळियोगरे, म्हणजे इकडचा चिंचेचा भात. चोराला वास आला तरी भाताचाच येईल, असा हिशेब. बसमध्ये समोर चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला एक माणूस बसला होता. अण्णांनी माझं मनगट धरलं. “तो बघतोय.”

“अण्णा, तो खिडकीबाहेर बघतोय.”

“तसं दाखवतोय.”

हेब्बाळपासून देवनहळ्ळीपर्यंत अण्णांनी त्याच्यावरची नजर हलवली नाही. आमचा थांबा आला, आम्ही उतरलो आणि तो माणूसही उतरला. आम्ही वळलो, तो वळला. आम्ही पावलं उचलली, तसा तो धावायलाच लागला. खरं सांगतो, तेव्हा मलाही तो चोरच वाटला. सत्तरीचे अण्णा धोतराचा सोगा धरून पळत सुटले आणि मी त्यांच्यामागे.

“ताता! निम्म डब्बी!” मागून हाका येत होत्या. आजोबा, तुमचा डबा!

अण्णा थांबले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. चोरावर नजर ठेवता ठेवता डबा सीटवरच राहिला होता. त्या माणसानं तो धापा टाकत आमच्या हाती दिला. अण्णांनी त्याला हात जोडले.

नारायणरावांनी पडवीत बसून नाणं भिंगाखाली क्षणभर धरलं आणि खाली ठेवलं.

“अण्णा, किती वेळा सांगायचं? कमी पाडलेलं आहे हे खरं. पण वापरून वापरून पार गुळगुळीत झालंय. याला किंमत नाही. खर्चून टाका.”

“किती वेळा म्हणजे?” मी विचारलं.

“हेच नाणं तिसऱ्यांदा आलंय. मागे एक बँकेतले गृहस्थ होते सोबत. नंतर एक केरळचा मुलगा. वरच्या मजल्यावर राहायचा म्हणे.”

अण्णांनी नाणं उचलून पुन्हा कुंकवाच्या डबीत ठेवलं.

परतीच्या बसमध्ये अण्णाच म्हणाले, “ही गेल्यापासून रविवारचं घर खायला उठतं. नुसतं ‘चला, फिरून येऊ’ म्हटलं तर कोण येणार? तुम्हा लोकांना कामं असतात.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “तुमचा करार कधी संपतो?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. नागपूरच्या ऑफिसात बदली मी स्वतःच मागितली होती आणि ती मंजूर झाली होती. “या महिनाअखेरीस जातोय, अण्णा,” मी म्हणालो. आता काय होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

अण्णांनी मान हलवली. “सरी, बरं,” म्हणाले. “आईवडील तिकडेच ना? जायलाच हवं.”

हेब्बाळचा पूल मागे पडला तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“म्हणजे अजून दोन रविवार आहेत. कुठं जायचं ते तुम्ही ठरवा. पण स्वल्प लांबचं ठरवा.”