मिझोबेबाईंचा रुसलेला मीटर

उझावा तोकुजीच्या कार्डावर त्याने स्वतःच छापून घेतलं होतं: ‘विद्युत-गुप्तहेर. हाताळलेली प्रकरणं एकोणीस.’ सुटलेली किती, ते कार्डावर मावलं नव्हतं. ओसाकातल्या जुने मीटर जमवणाऱ्यांच्या मंडळाचा तो सचिव. सभांना दुसरा एकटा निशिगाकीच येत असल्यामुळे संशयितांची त्याला कायम टंचाई भासे.

त्या रविवारी मात्र प्रकरण गंभीर होतं. पेठेच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन बघायला मिझोबेबाई आल्या होत्या. दिवंगत नवऱ्याचा, लाकडी पेटीतला १९३८ सालचा व्होल्टमीटर त्यांनी नमुन्यादाखल दिला होता. तो नीट सांभाळलेला दिसला तर त्याचे उरलेले अकरा मीटर मंडळाला, नाहीतर सोमवारी भंगारवाला येणार होता.

उझावाने सेल जोडला. काटा ढिम्म.

“काल चालत होता,” तो पुटपुटला. अकरा मीटर भंगाराच्या गाडीत चढताना त्याला डोळ्यांपुढे दिसले. घाबरला की तो तपासाला लागे.

“सेल गरम आहे. म्हणजे गुन्हेगाराने नुकताच मुठीत धरलेला.” त्याने तिघांचे हात तपासले. सर्वांत गरम स्वतःचेच निघाल्यावर तो धागा त्याने सोडून दिला.

“निशिगाकी-सान, तुमचे खांदे दुखतात ना?”

“वीस वर्षं झाली.”

“चुंबकाच्या पट्ट्या लावता?”

“सहा.”

“शर्ट काढा. मीटरमधलं चुंबक तुमच्या खांद्यांनी मारलंय.”

“अहो, बाई बसल्यात.”

“बाईंसाठीच चाललंय.”

निशिगाकीने निमूटपणे बटणं सोडली. संशयित म्हणून हे त्याचं विसावं प्रकरण होतं.

तेवढ्यात बाईंनी पेटी फिरवली. मागच्या दोन स्क्रूंना जोडणारी उघडी तांब्याची तार होती.

“ही काढू का? मीटर कुठे न्यायचा असला की हेसुद्धा अशीच बांधायचे. वाटेत काटा भिरभिरत नाही म्हणायचे. पण पोचल्यावर सोडायचे हो.”

तार काल उझावानेच बांधली होती, फार काळजीने. आणि आज सेलच्या वायरी त्याच स्क्रूंना त्यानेच, न बघता, चाचपून लावल्या होत्या. जाणकाराला बघावं लागत नाही, असं त्याचं मत होतं. सगळी वीज त्या तारेतून परस्पर पळत होती, सेल तापेल नाहीतर काय होईल?

बाईंनी तार सोडली, नवा सेल लावला. काटा उठला आणि दीडवर थांबला. बाईंनी मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं.

“हे गेल्यापासून मी याला हललेलं पाहिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “अकराही घेऊन जा. आठवणीने तार बांधणारं कुणीतरी आहे, ते बरं वाटलं. पण एक अट.”

“सांगा.”

“कुठला बंद पडला तर आधी मला फोन. तपास नंतर, आणि सगळ्यांनी शर्ट घालून.”