चपलांभोवतीची रेघ

आमच्या शेजारचा गहिनीनाथ दुपारी जेवून आडवा व्हायच्या आधी बायकोच्या चपलांभोवती खडूनं रेघ मारतो. चपला उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीशी काढलेल्या असतात. तो उकिडवा बसतो, खिशातून खडू काढतो, दोन्ही चपलांना वळसा घालून रेघ ओढतो आणि मला विचारतो, "किसन, किती वाजले?" मी म्हणतो, सव्वा. मग तो मोठ्यानं म्हणतो, "सव्वा वाजता, पंचांसमक्ष." पंच म्हणजे मी. माझा ओटा त्याच्या ओट्याला लागून आहे, एवढाच माझा गुन्हा.

गाव त्याला आण्णा म्हणतं. मी गहिन्या म्हणतो. आम्ही एका पाटीवर शिकलो. मी चौथी पास झालो, तो तिसरीत राहिला, म्हणून लिहिण्या-वाचण्याचा मान आजही माझ्याकडं आहे आणि तो मी सोडणार नाही.

हे पंचाचं वेड त्याला जुनं आहे. मागं आमच्या गावच्या गिरणीची मोटार चोरीला गेली होती. फौजदार आले, मोटार जिथं होती तिथं त्यांनी जमिनीवर खडूनं चौकोन काढला, आणि पंच म्हणून गहिन्याची सही घेतली. मोटार काही सापडली नाही. पण त्या दिवसापासून गहिन्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. सुनेनं मीठ घातलं म्हटलं तर हा विचारतो, घालताना कुणी बघितलं? पाऊस पडला म्हटलं तर अंगणात जाऊन माती चिमटीत धरून बघतो. आणि सगळं पंचांसमक्ष. नातवाची मुंज नाही की बारसं नाही, साधं जावळ काढलं तरी यानं न्हाव्याची सही घेतली.

त्याची बायको कौसाबाई. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी ऊसतोडीचं सांगावं लागेल. आमची दोन्ही घरं तीस वर्षं एकाच टोळीत होती. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. नवरा ऊस तोडणार, बायको मागून मोळी बांधणार. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता दिसला की मुकादम दुसरीकडं बघायला लागतो. गहिन्या आणि कौसाबाई म्हणजे आमच्या टोळीतला सगळ्यात तेज कोयता. तो तोडत पुढं जायचा, मागं वळून बघायचा नाही. मागं पाचट वाजतंय म्हणजे कौसा आहे, एवढं त्याला पुरायचं.

तर अशी ही कौसाबाई. वय त्रेसष्ट. दिवाळीनंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारच्या जीपनं तिसगावला जायला लागली. पाच वाजता परत. कशाला, तर म्हणे "काम हाय." पंचेचाळीस वर्षांत त्या बाईनं नवऱ्याला न सांगता शेजारच्या घरून विरजणसुद्धा आणलं नव्हतं.

गहिन्यानं तपास सुरू केला. तपासात निघालेल्या गोष्टी तो मला बोटांवर सांगायचा. एक, कौसाबाई घरात गुणगुणते. दोन, त्यानं तंबाखू मळली तरी बोलत नाही, म्हणजे तिचं लक्ष दुसरीकडं आहे. तीन, तिच्या पिशवीत काळा गॉगल सापडला. आणि चौथी गोष्ट म्हणजे त्या चपला. तो झोपून उठायचा, बाहेर येऊन बघायचा, तर रेघ एकीकडं आणि चपला वीतभर दुसरीकडं.

"बघ किसन. मी झोपलो की ही जाती. इतर दिवशी बी जाती."

मी बघितलं. चपला खरंच रेघेच्या बाहेर होत्या. 

मी त्याला म्हटलं, अरे सरळ विचार की तिला. तर म्हणतो, "इचारलं तर ती सांगंल. तोंडानं सांगितलेला पुरावा नसतो."

मग आम्ही हयातीच्या दाखल्यासाठी नगरला गेलो होतो, तेव्हा माझी वाचायची हौस मला नडली. स्टँडच्या मुतारीजवळ भिंतीला कागद चिकटवला होता. मी तो मोठ्यानं वाचला, "जोडीदारावर संशय? पुरावा आम्ही देतो. खाजगी गुप्तहेर." गहिन्या तिथंच थांबला. पुरावा हा शब्द त्यानं मला दोनदा वाचायला लावला.

झेरॉक्सच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून त्या गुप्तहेराचं ऑफिस होतं. गुप्तहेर म्हणजे तीस-बत्तीस वर्षांचा पोरगा, नाव सूर्यवंशी. त्यानं पाणी दिलं, फॉर्म काढला आणि विचारलं, "मुलीचं प्रकरण आहे का सुनेचं?"

गहिन्या म्हणाला, "बायकोचं."

पोरानं फॉर्मवर वय लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. थोडा वेळ पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आजोबा, संशय कुणावर आहे?"

"ते तुमी सांगायचं. मी सांगितलं तर तुमाला कशाला ठेवायचं?"

पोरगा मला विचारायला लागला की तुम्ही कोण. मी काही बोलायच्या आत गहिन्या म्हणाला, "पंच." फी एका बोकडाएवढी ठरली आणि पुढच्या बाजारी बोकड गेलं. मला मात्र त्यानं उभ्या उभ्या शपथ घातली, की गावात चकार शब्द काढायचा नाही. मी शपथ मोडत नाही. घरच्या मंडळींनी दोन दिवस मला भाकरी वाढताना आपटून वाढली, तरी मी बोललो नाही.

पुढच्या सोमवारी सूर्यवंशी मोटारसायकलवर गावात आला. पांढरा शर्ट, पायात बूट, हातात डायरी. हॉटेलात बसला, चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारायला लागला की गहिनीनाथ आण्णांचं घर कसं काय, माणसं कशी आहेत, घरातली बाई स्वभावानं कशी आहे.

आता आमच्याकडं अनोळखी माणूस पांढरा शर्ट घालून एखाद्या घराची चौकशी करायला आला, तर तो कशासाठी आला हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो सोयरिकीसाठी आलेला असतो. कौसाबाईची नात, लेकीची लेक, शीतल, तिसगावला औषधाच्या दुकानात कामाला आहे आणि लग्नाची आहे. मुलीची चौकशी तिच्या आजोळी होतेच. आणि सोयरिकीची चौकशी आली की गाव एक होतं. ज्याचं बांधावरून भांडण आहे तोही चांगलंच बोलतो. मोडता घातला म्हणून नाव नको असतं.

हॉटेलवाल्यानं सांगितलं की आण्णांच्या विहिरीचं पाणी कधी हटत नाही. ती विहीर माघातच तळ दाखवते. सोसायटीच्या चेअरमननं सांगितलं की कौसाबाईसारखी शांत बाई पंचक्रोशीत नाही. याच चेअरमनला तिनं मागल्या साली खराट्यानं ओट्यावरून खाली उतरवलं होतं. मग सूर्यवंशी माझ्याकडं आला. मला सगळं माहीत, त्यालाही माहीत की मला माहीत. पण भोवती चारजण उभे. मीही म्हणालो, घर सोन्यासारखं आहे, डोळे झाकून पुढं जा.

तोवर बातमी कौसाबाईपर्यंत गेली. तिनं सुनेला पाठवून पाव्हण्याला घरी बोलावलं. पोरगा नाही नाही म्हणत आला. पोहे झाले, वर शेव पडली. समोर गहिन्या डोक्याला टोपी घालून बसलेला, आपण बोकड विकून आणलेल्या गुप्तहेराला पोहे घ्या पोहे घ्या म्हणून आग्रह करतोय. मी दाराशी. मला पोहे मिळाले नाहीत.

कौसाबाईनं पदर सावरला आणि विचारायला सुरुवात केली. नाव काय, गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, शेती किती, भाऊ किती, घर स्लॅबचं का पत्र्याचं. आधी तिला वाटलं हा पोराकडचा कुणी आहे. मग विचारता विचारता कळलं की याचंच लग्न व्हायचं आहे. मग तर तिनं त्याला सोडलंच नाही. त्याला घाम फुटला. चौकशी करणं त्याचा धंदा, पण त्याची कुणी केली नव्हती.

"काम काय करता म्हनला?"

पोरगा गहिन्याकडं बघायला लागला. गहिन्या आढ्याकडं.

"माहिती काढायचं काम आहे, आजी."

"पर्मनंट हाय का?"

"नाही."

"मग बघा, पर्मनंटचं कायतरी," असं म्हणून तिनं त्याला अजून चहा दिला आणि त्याचा फोन नंबर सुनेकडून लिहून घेतला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. टाईप केलेला, दोन पानी. कौसाबाई मागल्या अंगाला शेंगा वाळत घालत होती. गहिन्या माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, चष्मा सापडत नाही, तू वाच. त्याचा चष्मा कधीच सापडत नाही, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

पहिलं पान मी वाचलं. सदर महिलेचा स्वभाव शांत व मनमिळाऊ आहे. सदर महिलेचे पती निर्व्यसनी असून पत्नीस अत्यंत जपतात. शेती बारमाही बागायत आहे. गहिन्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाला, "ह्यो दुसऱ्याच घरात गेल्ता का काय?"

मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर असं होतं. मंगळवारी सदर महिला तिसगाव येथे जीपमधून उतरल्या. तेथे त्यांची नात स्कूटी घेऊन आली. दोघी गावामागील मोकळ्या मैदानात गेल्या. तेथे सदर महिलेने काळा गॉगल घातला व स्कूटी चालवण्याचा सराव केला. सराव करताना त्या एकदा बाभळीत गेल्या. खालील सहीकर्त्याने त्यांना उचलले. त्यांनी सहीकर्त्यास ओळखले व "पाव्हणं, घरी सांगू नका" असे सांगितले. परपुरुष आढळला नाही. सहीकर्ता सोडून.

  तेवढ्यात गहिन्याच्या दारातून आवाज आला.

"वाचा की भावजी. फुडं काय लिवलंय?"

कौसाबाई हातात सूप घेऊन उभी होती. मी खरं सांगतो, टोळीत बिबट्या निघाला होता तेव्हाही मी एवढा दचकलो नव्हतो. तिनं सूप ठेवलं आणि गहिन्यासमोर खाली बसली. मला वाटलं, आता पंचेचाळीस वर्षांचं घर माझ्या ओट्यावर मोडतंय, आणि त्याला पंच म्हणून मी.

"बोकड लांडग्यानं नेलं म्हनला हुता."

"व्हय."

"ह्यो लांडगा पोहे खाऊन गेला माज्या घरी."

गहिन्या मान खाली घालून म्हणाला, "तू चपला घालून रोज कुटं जातीस? रेघ सांगती मला. पंच हाय."

कौसाबाई उठली. उंबऱ्याशी गेली. त्या दिवशीची रेघ तशीच होती, चपला वीतभर अलीकडं.

"सकाळधरनं ह्या चपला म्या हलवल्या न्हाईत. मी अनवानी हाय, शेंगा वाळत घालती. तुमी रेघच भलतीकडं मारता. दोन वरसं झाली. भाकरी समजून ताटाची कड धरता. गाडी घेऊन दोनदा पाटाच्या चारीत गेला आन् म्हनला रस्ता सरकला. दवाखान्याचं नाव काढलं तर घर डोक्यावर घेता. मग मी काय करावं? शीतल म्हनली, आजी, ह्या चार्जिंगच्या गाडीला लायसन लागत न्हाई."

 मी चपलांकडं बघितलं, रेघेकडं बघितलं. चार महिने मी तिथं पंच म्हणून बसलो होतो आणि मला एवढं दिसलं नव्हतं. मोतीबिंदू त्याच्या डोळ्यात होता, पण लाज मला वाटली. हे मी कुणाला बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.

"जनमभर तुमी फुडं, मी मागं," कौसाबाई म्हणाली. "आता मागं बसायचं. मंगळवारी निघू."

आणि मंगळवारी सगळ्या गावानं बघितलं. कौसाबाई पुढं, डोळ्यावर गॉगल, मागं गहिन्या दोन्ही हातांनी सीट धरून. तिसगावपर्यंत शीतलनं आजीलाच देऊन टाकलेली स्कूटी, तिथून नगरला एसटीनं. एक डोळा झाला, महिन्यानं दुसरा झाला. आता त्याला माझ्या ओट्यावरची मुंगी दिसते आणि तिच्यावरूनही तो मला बोलतो. सूर्यवंशीचा नंबर कौसाबाईनं अजून ठेवला आहे. म्हणते, पोरगा पर्मनंट नाही, पण पडलेल्याला उचलतो.

मला वाटलं, खडू आता संपला.

मागल्या शुक्रवारी दुपारी मी बाहेर आलो, तर गहिन्या उंबऱ्याशी बसलेला. कौसाबाई एकटीच त्याच्या डोळ्यांचे थेंब आणायला तिसगावला गेलेली. जमिनीवर रेघ होती. या वेळी नीट, दोन्ही पावलांच्या आकाराची, मधे चपला नाहीत. मला ती गिरणीतली मोटार आठवली.

मी म्हटलं, "गहिन्या, आता कसला पुरावा?"

त्यानं खडू बोटांत फिरवला.

"पुरावा न्हाई रं. ती गेली की घर मोकळं वाजतं. टोळीत आपन बघितलंय, अर्ध्या कोयत्याला कोन इचारत न्हाई." मग रेघेकडं बोट करून म्हणाला, "एस्टीत रुमाल टाकतो का न्हाई आपन? तसं. जागा धरून ठेवली."

मी त्याच्याजवळ बसलो.  चार वाजून गेल्यावर चिंचेच्या वळणावर हॉर्न वाजला. त्या गाडीला दुसरा आवाजच नाही, म्हणून कौसाबाई गावभर हॉर्न वाजवत येते. तिनं गाडी लावली, औषधाची पिशवी गहिन्याच्या मांडीवर टाकली, आणि माझ्याशी कांद्याच्या भावाचं बोलत बोलत, खाली न बघता, चपला काढून आत गेली.

दोन्ही चपला बरोबर रेघेत.

गहिन्यानं मला विचारलं, "किसन, किती वाजले?"