बोटं मोजा

उत्तमआप्पांना कुठलाही फोटो दाखवा, ते आधी त्यातल्या माणसाची बोटे मोजतात. मग तो मंत्र्याचा असो, नव्या जावयाचा असो की अंतराळात गेलेल्या बाईचा.

"संगणक बठ्ठं करस, पन बोटंमा चुकस," असे ते म्हणत. संगणकाने बनवलेल्या खोट्या फोटोंबद्दल मोबाइलवर कुठेसे त्यांनी हे वाचले होते. आयुष्यभर एसटीत कंडक्टर म्हणून डोकी मोजलेला हा माणूस निवृत्तीनंतर बोटांवर आला.

निवडणुकीत आमच्या म्हसावदला चौकात एक फलक लागला. त्यावर उमेदवार हात उंचावून उभा होता. आप्पांनी खालून मोजले आणि कार्यकर्त्याला हाक मारली. "भाऊ, सहा शेतस!"

"आप्पा, चालस तेवढं."

"चालस ना. सहावं बोट निवडणूकनंतर काढी टाका म्हंजे झायं."

एकदा गावाच्या ग्रुपवर आले की सारंगखेड्याच्या यात्रेत बोलणारा घोडा आला आहे. आप्पा दुसऱ्या दिवशी बसने गेले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणाले, "घोडाले इचारी उनू, गुरुजी. काहीच बोलना नही."

त्या ग्रुपचा प्रमुख मी होतो. मी गावातला निवृत्त शिक्षक, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. एका सकाळी मी उसातल्या बिबट्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'म्हसावद शिवार. सावध राहा.' पाच मिनिटांत आप्पांचे उत्तर आले. "गुरुजी, बिबट्याना पाय मोजा. पाच शेतस."

गाव आठवडाभर हसले. चहाच्या टपरीवर माझेच जुने विद्यार्थी विचारू लागले, "गुरुजी, पाचवा पाय पुढला का मांगला?"

मी आप्पांना ग्रुपमधून काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन आले. "गुरुजी, ग्रुप बंद पडना का?"

"हो. सगळ्यांचाच पडला," मी म्हणालो.

घोड्याला विचारायला बसने जाणाऱ्या माणसाने यावर दुसऱ्या कुणाला विचारलेसुद्धा नाही. "तुम्ही सांगतस म्हंजे खरं," म्हणून ते उठले.

त्यांनी मग स्वतःचा ग्रुप काढला. नाव 'बठ्ठं म्हसावद', म्हणजे सगळे म्हसावद. त्यांच्याकडून जोडला गेला तो फक्त माझाच नंबर. सभासद दोन. मी त्याचा आवाज बंद केला आणि तो कधी उघडला नाही. पुढे मुलगी त्यांना सुरतला घेऊन गेली. त्यांच्या पत्नी तर आधीच वारल्या होत्या.

आता माझ्या ओट्यावर कुणी बसत नाही. गावाच्या ग्रुपवर दिवसभर फोटो येतात आणि माझा मीच बोटे मोजत बसतो. परवा न राहवून 'बठ्ठं म्हसावद' उघडले. दोन वर्षांच्या सकाळी तिथे थांबून होत्या. 'बठ्ठास्ले राम राम. चंद्रावर पाणीनी बातमी खरी शे. लिंबूना रसवाली खोटी, मी पी दखं.' मध्येच एके दिवशी, 'आज बी कोणी काही टाकं नही. बठ्ठा मजामा व्हतीन.' आणि सुरतहून, 'आठे खिडकीमाईन नुसत्या खिडक्या दखातीस. म्हसावदमा काय चालनं?'

काल मी लिहिले, 'आप्पा, ग्रुप बंद पडलाच नव्हता. फजिती झाली म्हणून मी तुम्हाला काढले. खोटे बोललो.'

लगेच उत्तर आले. 'हाऊ मेसेज खोटा शे. मन्हा गुरुजी आशा नहीत. फोन कोणा हातमा शे? हात दखाडा, बोटं मोजू द्या.'

सकाळपासून मी डाव्या हाताचे फोटो काढतो आहे. पहिले तीन पुसट आले. चौथा स्पष्ट आला आहे. पाचही बोटे नीट दिसतात. पाठवायचा तेवढा राहिला आहे.