अर्ध्या आण्याचा जांभळा राजा

आत्माराम पिलणकर कुठलंही तिकीट आधी पाठीमागून बघत. समोरून काय, कोणीही बघतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या टपाल तिकिटांच्या कागदात एक चांदणी दडलेली असते. काळ्या बशीत तिकीट पालथं घालून वर बेंझिनचे दोन थेंब टाकले की ती दिसते. चांदणी सरळ आहे की उलटी, कडेची भोकं किती, कागद जाड की पातळ, यावरून एकाच अर्ध्या आण्याच्या तिकिटाचे चार प्रकार ओळखता येतात. राजाच्या तोंडावरून यातलं काहीच कळत नाही, म्हणून आत्मारामांनी गेल्या तीस वर्षांत राजाकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मत्स्य खात्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली होती. पुण्यातलं एक जुन्या तिकिटांचं मंडळ दर दिवाळीला एक सूची छापतं. नवा प्रकार सापडला की त्याची नोंद त्या सूचीत होते आणि खाली शोधणाऱ्याचं संपूर्ण नाव गावासकट येतं. त्या सूचीत आपलं नाव यावं, एवढंच आत्मारामांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी मंडळाला सतरा पत्रं पाठवली होती. सतराही वेळा 'आपण कळवलेला प्रकार आमच्याकडे आधीच नोंदलेला आहे' असं उत्तर आलं. ती उत्तरं त्यांनी तारखेप्रमाणे फाइलला लावून ठेवली होती, कारण हेडक्लार्कचा हात नकारसुद्धा टाकून देत नाही.

रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीचे मे महिन्यात दोन भाग होत. पूर्वेकडे त्यांच्या पत्नी कमळाबाईंचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. फळं फोडून सालं वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, सुकली की परत बुडवायची. पश्चिमेकडे आत्मारामांची तिकिटं. जुन्या पाकिटांचे तुकडे पाण्यात भिजवायचे, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. मध्ये चार चिरे ठेवून हद्द आखली होती. हद्दीवरून दोघांचं दर वर्षी एकदा भांडण होई आणि आठवडाभरात मिटे.

एका बाबतीत मात्र तिकिटांचा आणि रातांब्यांचा समझोता होता. कमळाबाई कोकम सरबताच्या बाटल्या करून ओळखीपाळखीत देत. आत्मारामांनी नापास केलेली तिकिटं एका बिस्किटांच्या डब्यात पडत. त्या डब्यातला एकेक राजा कमळाबाई बाटलीच्या चिठ्ठीवर चिकटवत. त्यामुळे मांडवीपासून भाट्यापर्यंत त्यांचं सरबत 'राजाचं सरबत' म्हणूनच ओळखलं जाई. डब्यातून राजा निवडायला त्या बराच वेळ घेत.

"ह्या एका राजाच्या कानात भिकबाळी हाय," त्या मागे एकदा म्हणाल्या होत्या.

"समोरून काय बघतेस? पाठ बघ," आत्माराम म्हणाले होते.

कमळाबाईंनी पाठ बघितली. तिथे काही नव्हतं. त्यांनी तो राजा घरच्या बाटलीला लावला आणि विषय संपला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भंगारवाल्या बाळाने आत्मारामांसाठी पिशवीभर जुनी पाकिटं राखून ठेवली. रविवारी सकाळी त्यांनी ती भिजवली, दुपारी शंभरेक तिकिटं वाळत घातली, कडेने खडे ठेवले आणि ते जेवून झोपले. तीनच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटला. कमळाबाई सालं उलटायला वर आल्या, तर एक तिकीट हद्द ओलांडून थेट रसाच्या पातेल्यात पडलेलं. किती वेळ पडलं होतं देव जाणे. त्यांनी ते बोटांनी काढलं, पदराने टिपलं आणि त्याच्या जागी परत पालथं घालून ठेवलं. नवऱ्याला उठवून सांगण्यासारखं यात काही आहे, असं त्यांना वाटलं नाही.

संध्याकाळी आत्माराम तिकिटं गोळा करायला बसले. रिवाजाप्रमाणे आधी पाठी झाल्या. मग प्रकारवार डब्यांत लावण्यासाठी त्यांनी एकेक तिकीट सुलटं केलं आणि सत्तेचाळिसाव्या तिकिटाला त्यांचा हात थांबला. सातवा एडवर्ड, अर्धा आणा. हा राजा जगात सगळीकडे हिरवा असतो. त्यांच्या हातातला जांभळा होता.

त्यांनी भोकं मोजली, बरोबर होती. बेंझिन टाकलं. चांदणी जागच्या जागी उगवली आणि रंग तसूभर हलला नाही. कमळाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते भिंग धरून बसले होते.

"अहो, ऐकताव काय? दुपारी वारा सुटलेला..."

"आता वाऱ्यापाण्याच्या गोष्टी नकोत गो," ते म्हणाले. "हा सूचीत नाहीय. कुठल्याच सूचीत नाहीय."

अठरावं पत्र त्याच संध्याकाळी ईमेलने गेलं, फोटोसकट. त्यात रंगाचं वर्णन 'गर्द जांभळा, किंचित तपकिरीकडे झुकणारा' असं होतं. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. मंडळाचे परीक्षक येत्या रविवारी जातीने तिकीट बघायला येणार होते. सतरा पत्रांत असं कधी घडलं नव्हतं.

शेजारचा संदेश वाडीतल्या उत्सव मंडळाचा सेक्रेटरी. त्याच्याकडे बातमी कधी टिकत नसे. आत्मारामांनी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं, म्हणजे बुधवारपर्यंत सगळ्या मांडवीला कळलं. गुरुवारी एका स्थानिक पेपरात 'जगातील एकमेव तिकीट रत्नागिरीत' असं छापून आलं. शुक्रवारी उत्सव मंडळाने सत्कार ठरवला: रविवारी पाच वाजता, मंडळाच्या हॉलमध्ये, शाल आणि नारळ. शनिवारी फलक लागला. त्यावर एका बाजूला आत्माराम आणि दुसऱ्या बाजूला जांभळा राजा होता. राजा जास्त मोठा आला होता, पण आत्मारामांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

कमळाबाईंच्या मनात या सगळ्यात दोनदा सांगून टाकायचं आलं. बुधवारी त्या सांगायला गेल्या तेव्हा आत्माराम भाषण पाठ करत होते आणि त्यांनी हातानेच थांबवलं. शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या. वारा हा शब्द ऐकताच ते म्हणाले, की वाऱ्याचं जे काय असेल ते सोमवारी सांग. त्यानंतर साठ खुर्च्या भाड्याने आल्या. तेव्हा कमळाबाई भगवतीला नारळ बोलायला निघाल्या, पण देवीकडे नेमकं काय मागायचं हे देवळाच्या पायरीपर्यंत त्यांना ठरवता येईना. शेवटी 'जे होईल ते सांभाळून घे' असं मोघम सांगून त्या परत आल्या.

परीक्षक म्हणजे कोणी जाड चष्म्याचे गृहस्थ नव्हते. श्रद्धा मोडक नावाची तिशीतली मुलगी पाठीवर बॅग घेऊन अकराच्या सुमाराला दारात उभी राहिली. तिने आधी हात धुतले, ते आत्मारामांना आवडलं. तिने खिडकीपाशी टेबल ओढलं, चिमट्याने तिकीट उचललं आणि आधी पाठ बघितली. तेही त्यांना आवडलं. बेंझिन झालं, चांदणी झाली, भोकं झाली. प्रत्येक पायरीला ती मान हलवी आणि आत्माराम खुर्चीत थोडे वर सरकत. दारात संदेश उभा होता. शाल आली, नारळ आला, हारही आणायचा का, हे त्याला ताबडतोब कळायला हवं होतं.

श्रद्धाने तिकीट नाकाजवळ नेलं. मग थोडं दूर नेलं आणि परत जवळ आणलं.

"काका, याला सोलकढीचा वास येतोय."

कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वाऱ्याने उडाला," त्या म्हणाल्या. "रसात पडला. मीच काढला."

"पाण्यातून काढून बघू का?" श्रद्धाने विचारलं. आत्मारामांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बशीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग चांगलं रंगलं. कमळाबाईंचा रस नेहमीच रंगाला चांगला असे. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या पाण्यातून राजा बाहेर आला तो हिरवा, म्हणजे जगातल्या बाकी सगळ्या अर्ध्या आण्यांसारखा. आत्माराम त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं. सतरा नकार त्यांनी सोसले होते, पण त्यांतला एकही त्यांच्या डोळ्यांदेखत बशीत विरघळला नव्हता.

"मला सांगायचं नाहीस?" ते हळूच म्हणाले.

"तीनदा सांगाय आले. तुम्ही म्हटलात, सोमवारी सांग. आज रविवार हाय."

संदेशने दारातूनच विचारलं की फलकाचं काय करायचं. आत्माराम म्हणाले, मी पाच वाजता येतो आणि सगळ्यांना खरं काय ते सांगतो, खुर्च्या परत पाठवू नको. श्रद्धा मुकाट्याने आपलं सामान आवरू लागली.

पाहुणी काही न घेता जाणार, हे कमळाबाईंना कुठल्याही परिस्थितीत चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी घरची बाटली आणि पेला तिच्यासमोर ठेवला. श्रद्धाने पेला उचलला, एक घोट घेतला आणि तिची नजर बाटलीवर गेली. पेला खाली आला. तिने बॅगेतून पुन्हा भिंग काढलं आणि बाटली खिडकीपाशी नेली. आत्मारामांनी बघितलं: ती तिकिटाकडे समोरून बघत होती.

"हे बाटलीवर कोणी लावलं?"

"मी," कमळाबाई घाबरून म्हणाल्या. "ह्यांच्या टाकाऊ डब्यातलं हाय. चोरलेलं नाय."

"हेच का निवडलंत?"

"त्याच्या कानात भिकबाळी हाय म्हणून. बाकीच्या राजांचे कान मोकळे व्हते. मी ह्यांना तेव्हाच म्हटलेलं."

मग श्रद्धाने जे सांगितलं ते असं. छापायच्या साच्यावर एका जागी टवका उडाला, की त्या जागेवरून निघणाऱ्या प्रत्येक तिकिटावर तीच खूण उमटते. कानाखाली असा ठिपका असलेली दोन तिकिटं तिने पूर्वी पाहिली होती. पण दोनावर नोंद होत नाही, तो शाईचा डागही असू शकतो. गेली चार वर्षं ती तिसऱ्याच्या शोधात होती. तिसरं तिच्या समोर होतं, सरबताच्या बाटलीला डिंकाने चिकटवलेलं.

"म्हणजे सूचीत जाणार?" आत्मारामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

"जाणार. यंदाच्याच."

"तिकीट माझ्या संग्रहातलं आहे."

"हो काका. पण नियम असा आहे, की..."

"नियम चार," आत्माराम म्हणाले. नियम त्यांना पाठ होता, फाइलच्या पहिल्याच पानावर होता. 'शोधकर्ता म्हणजे तिकीट बाळगणारा नव्हे, तर त्यातला फरक परीक्षकांखेरीज प्रथम लक्षात आणून देणारा.' त्यांनी तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला, कारण हेडक्लार्कला आपल्याविरुद्ध जाणारा नियमही अर्धा सांगता येत नाही.

बाटली बादलीत भिजत घालायचं ठरलं. आत्माराम सवयीने बाह्या सरसावून पुढे झाले.

"काका, तुम्ही नको," श्रद्धा म्हणाली. "काकू, तुम्ही घाला."

कमळाबाईंनी आधी गच्चीचं दार लावून घेतलं आणि मगच बाटलीला हात लावला.

पाच वाजता हॉलमध्ये साठ खुर्च्या भरल्या. आत्मारामांनी सगळी हकीगत सांगितली, वारा आणि पातेल्यासकट, काही न गाळता. लोक मनसोक्त हसले आणि त्यांच्याबरोबर थोडे आत्मारामही हसले. शाल कमळाबाईंच्या खांद्यावर गेली. फलक बदलायला वेळ नव्हता, म्हणून संदेशने आत्मारामांच्या फोटोवर कोरा कागद चिकटवला. राजा मात्र जांभळाच राहिला. घरी येताना कमळाबाई म्हणाल्या, की शाल तुम्हीच वापरा, मला उकडतं. ते नको म्हणाले. पुढे पावसाळ्यात त्यांनी ती गुपचूप वापरायला काढली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सूची आली. आत्मारामांनी पाकीट सांभाळून फोडलं, पाकिटावरचं तिकीट कापून ठेवलं आणि मग भिंग घेऊन पान काढलं. सातवा एडवर्ड, अर्धा आणा, हिरवा. प्रकार: भिकबाळी. त्याखाली शोधकर्तीचं संपूर्ण नाव होतं, गावासकट.

सौ. कमळा आत्माराम पिलणकर, मांडवी, रत्नागिरी.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना भिंग मधल्या शब्दावर थांबलं. कमळा आणि पिलणकर यांच्या बरोबर मध्ये, स्पष्ट ठसठशीत छपाईत, ते होते. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, करंज्यांच्या पिठाने भरलेल्या कमळाबाईंच्या हातासमोर त्यांनी सूची धरली आणि बोट ठेवून दाखवलं.

"बघ," ते म्हणाले. "माझं नाव आलं."

कमळाबाईंनी ओळ वाचली. मग त्यांनी हात पुसले आणि पान उलटून पाठ बघितली.