खोब्रागडेकाकांचं बोट

मतदानाच्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये खोब्रागडेकाकांनी माझ्या नाकासमोर डाव्या हाताची तर्जनी नाचवली. नखावर निळ्या शाईची ठसठशीत रेघ. सिंगापूरमध्ये मतदाराच्या बोटाला शाई लावत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. मी तर वर्क पासवरचा, मला मतच नाही. घरीच रंगवलंत का, म्हणून विचारलं, तर काका उसळले.

"यांनी नाही लावली म्हणून सोडून द्यायचं काऊन?"

काका मूळ नागपूरचे. सेम्बावांगच्या जहाजगोदीत इंजिनिअर होते, आता आमच्या आंग मो किओ वस्तीतल्या इमारतीखाली कॉफी पीत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर तुटून पडतात. मत देणं सक्तीचं, पण उभं राहायचं तर मोठं सरकारी पद नाहीतर अवाढव्य भांडवलाची कंपनी सांभाळलेली हवी. वर समितीचं प्रमाणपत्र, वर जबर अनामत. "मुलीला पसंती विचारायला येतात," काका म्हणायचे, "तोवर एकच स्थळ उरलेलं असतं." मतदानाच्या आदल्या दिवशी प्रचार बंद असतो, लोकांनी थंड डोक्याने विचार करावा म्हणून. त्या दिवशी काकांचं डोकं सगळ्यात जास्त तापतं. माझी मुलगी दार लावून घेते आणि इथल्या ढंगात म्हणते, "अंकल अँग्री अगेन लाह."

मीही वैतागायचो. मग एकदा कारण कळलं.

भारताचा पासपोर्ट परत करून काका-काकू दोघं इथले नागरिक झाले ते सुशीलाकाकूंच्या हट्टापायी. जिथे आपलं मत नाही तिथे माणूस जन्मभर भाडेकरू, असं त्यांचं म्हणणं. देशाचा पहिला माणूस आपल्या मताने बसवायचा, ही त्यांची फार हौस. २०१७च्या निवडणुकीसाठी काकूंनी साडीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. पद एका समाजासाठी राखीव होतं, आणि एकच उमेदवार पात्र ठरला. बिनविरोध. मतदान झालंच नाही.

"राखीव जागेचं मोल आम्हाला कुणी शिकवू नये," भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे हात करून काका म्हणाले होते. "पण मत देणाऱ्यालाच घरी बसवायचं, हे कोणत्या न्यायात बसतं?"

साडी कपाटात गेली. काका म्हणाले, पुढच्या वेळी जाऊ. पुढच्या वेळेआधी काकूंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, आठवणही बरीचशी गेली. हे ऐकल्यावर मलाही राग आला. काकूंची हौस ज्या एका दिवसात भागली असती, तो दिवस त्यांना कोण परत देणार?

दुपारी मी त्यांच्याकडे पुरणपोळ्या द्यायला गेलो. काकू पलंगावर होत्या, अंगावर ती साडी पांघरलेली. मला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि तर्जनी नाचवली. तिच्यावरही तशीच निळी रेघ होती, जरा फिसकटलेली.

"जाऊन आलो का आपण, म्हणून विचारत होती," काका म्हणाले. "मी म्हटलं, आलो."

काकांनी काकूंची उशी नीट केली.

"कुणाला मत दिलंस, म्हणून केव्हाचा विचारतोय," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "सांगत नाही."